मुद्राचित्रांचा मेळा भरवा, पण टेबलावर काय मांडायचे ते आधी ठरवा

प्रति,
महाराष्ट्रातील कला महोत्सवांचे व कला मेळ्यांचे सर्व संयोजक

प्रत माहितीसाठी: मा. संचालक, कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य

सन्माननीय महोदय व महोदया,

स. न. वि. वि.

मुंबई-पुण्यापुरते मर्यादित असलेले कला महोत्सव आता नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांतही भरू लागले आहेत, ही आम्हा सर्वच कलावंतांच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट आहे. या महोत्सवांत चित्र आणि शिल्प यांच्या शेजारी मुद्राचित्राला, म्हणजे घडवलेल्या पृष्ठावरून ठसा घेऊन केलेल्या चित्रालाही जागा मिळते. पण ती बहुतेक वेळा मांडवाच्या कडेला, जिन्याखाली किंवा हस्तकलेच्या वस्तूंना लागून असते. माझी आपणास विनंती अशी आहे की, आपल्यापैकी एखाद्या तरी समितीने पुढाकार घेऊन केवळ मुद्राचित्रांना वाहिलेला, लोकांनी लोकांसाठी चालवलेला दोन दिवसांचा मेळा भरवावा, आणि त्या मेळ्याचा पहिलाच नियम असा करावा की, कलावंताने स्वतः प्लेटवर, ठोकळ्यावर, दगडावर किंवा जाळीवर घडवलेल्या प्रतिमेचा, हाताने काढलेला ठसाच तेथे विक्रीला ठेवता येईल. मेळा भरला आणि हा नियम नसला, तर तो न भरलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतक्या टोकाचे का बोलावे लागते, ते सांगतो. कॅनव्हासवर रंगवलेल्या चित्राचे छायाचित्र घ्यायचे, ते संगणकावरून उत्तम प्रतीच्या सुती कागदावर इंकजेट यंत्राने छापायचे, खाली पेन्सिलीने 12/50 असा, म्हणजे पन्नास प्रतींपैकी बारावी असा आकडा घालून सही करायची आणि मर्यादित आवृत्तीतील प्रिंट म्हणून ते विकायचे, ही पद्धत आता चांगलीच रुळली आहे. अशी प्रत विकण्यात गैर काही नाही. मोठे चित्र ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरात त्याची देखणी प्रत लागली, तर आनंदच आहे. अडचण येते ती शेजारच्या टेबलावर. तिथे एखादी मुलगी सहा महिने खपून केलेली एचिंग घेऊन बसलेली असते, तिच्याही चित्राखाली तसाच आकडा आणि तशीच सही असते, आणि येणारा माणूस अगदी सरळपणे विचारतो की, ते रंगीत आणि मोठे चित्र एवढ्याला मिळते, तर हे काळेपांढरे वीतभर चित्र तेवढ्यालाच कसे? त्या गर्दीत तिने त्याला ॲसिड, शाई आणि कागद यांची कथा सांगायची तरी किती वेळा? चूक त्या माणसाची नाही. दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एकाच नावाखाली, एकाच मांडवात, एकाच तऱ्हेच्या आकड्यानिशी आपण त्याच्यापुढे मांडल्या आहेत, ही चूक मांडणाऱ्यांची आहे.

एचिंगचा एक ठसा निघतो कसा, हे आपल्यापैकी ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे लिहितो, कारण माझा सारा आग्रह त्या कामातूनच आलेला आहे. तांब्याच्या किंवा जस्ताच्या घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ थर चढवतात. त्या थरावर सुईने रेघा ओढल्या की तेवढाच धातू उघडा पडतो. मग तो पत्रा ॲसिडच्या तबकात जातो. तांब्यासाठी बहुधा फेरिक क्लोराइड, जस्तासाठी पातळ नायट्रिक ॲसिड. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि छापल्यावर तितकी काळी, म्हणून फिकट राहायला हव्यात त्या रेघा मध्येच वार्निशने बुजवून पत्रा पुन्हा तबकात सोडायचा, असे कितीदा तरी चालते. थर काढून टाकल्यावर शाई भरायची वेळ येते. घट्ट शाई रेघांत चेपून बसवली की टार्लटन म्हणतात त्या खळीच्या जाळीदार कापडाने वरची शाई गोल गोल पुसत आणायची, आणि शेवटचा हात उघड्या तळव्याने फिरवायचा. तळव्याला किंचित खडूची भुकटी लावलेली असते. इथे हात जरा जड पडला तर खोल रेघेतली शाईही उपसून निघते, आणि हलका पडला तर सगळ्या चित्रावर राखाडी मळभ येते. भिजवून, टिपून ओलसर ठेवलेला जाड कागद त्या पत्र्यावर ठेवतात, वर नमद्याच्या घड्या घालतात आणि चाक फिरवून सारे प्रेसच्या दोन रुळांमधून काढतात. दाबाने कागद रेघेच्या खाचेत शिरतो आणि तिथली शाई उचलून आणतो. म्हणूनच एचिंगवरून अलगद बोट फिरवले तर रेघ बोटाला लागते, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा दबलेला चौकोन दिसतो. दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा शाई, पुन्हा पुसणे, पुन्हा ओला कागद. पंचवीस प्रती म्हणजे हा सारा खटाटोप पंचवीस वेळा.

प्रतीखालच्या आकड्याला अर्थ येतो तो या कामामुळे. ॲसिड न वापरता पत्रा थेट कोरायच्या ड्रायपॉइंटमध्ये तर सुईने खरवडताना धातूची जी बारीक कोर उभी राहते ती दोन-तीन डझन छापांतच दबून जाते आणि रेघेचा मखमली काळेपणा ओसरतो. तिथे आवृत्तीची मर्यादा पत्राच ठरवतो. लिनोलियमवर कोरायच्या लिनोकटमध्ये, लाकडावर कोरायच्या वुडकटमध्ये किंवा जाळीतून शाई दाबून छापायच्या सेरिग्राफीत ती कलावंत ठरवतो, पण एकदा ठरवली की ठोकळ्यावर आडव्या रेघा मारून तो बाद करण्याची रीत आहे. संगणकातल्या फाइलला यातले काहीच लागू होत नाही, तिची एक्कावन्नावी प्रत पहिलीइतकीच ताजी असते. त्यामुळे तिच्याखाली घातलेला 12/50 हा विक्रेत्याच्या शब्दावर ठेवलेला भरवसा असतो. तो शब्द खरा असूही शकेल, पण त्याची शहानिशा करण्याचा मार्ग गिऱ्हाइकापाशी नसतो.

हा फरक मी काढलेला नाही, आणि तो सोवळेपणाही नाही. 1960 मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या दृश्यकलांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मूळ मुद्राचित्र कशाला म्हणावे, याची तत्त्वे ठरली होती आणि आकडा व सही यांची आजची पद्धत जगभर पक्की होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्याहून जवळचा दाखला आपल्याच सरकारी दफ्तरात आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत 97 व्या प्रकरणात, 9702 या शीर्षाखाली मूळ मुद्राचित्रे येतात. कलावंताने संपूर्णपणे हाताने तयार केलेल्या एका किंवा अनेक प्लेट्सवरून थेट काढलेले ठसे, मग पद्धत आणि साहित्य कोणतेही असो, अशी त्यांची व्याख्या आहे, आणि यांत्रिक किंवा प्रकाशयांत्रिक पद्धतीने काढलेल्या प्रती त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. छापील मालाचे प्रकरण वेगळे आहे, ते 49 वे. जो भेद कर आकारणाऱ्या खात्याला कळतो, तो कलेच्या मांडवात पुसट व्हावा, याचे आश्चर्य वाटते.

यावर काही शंका निघतील, आणि त्या रास्त आहेत. सेरिग्राफीची जाळी अनेकदा छायाचित्रणाच्या पद्धतीने तयार होते, फोटो-एचिंगही तसेच. मग त्यांना बाहेर ठेवायचे काय? माझ्या मते नाही. कसोटी एकच असावी की, प्लेट किंवा जाळी घडण्याआधी ते चित्र पूर्ण स्वरूपात दुसरीकडे कुठे अस्तित्वात होते का? तैलचित्राची नक्कल करण्यासाठी जाळी केली असेल तर ती प्रत आहे. त्या जाळीवरच चित्र प्रथम जन्माला आले असेल तर ते मुद्राचित्र आहे. सीमारेषेवरच्या कामांचा निवाडा करण्यासाठी दोन जाणते मुद्राचित्रकार समितीवर घ्यावेत आणि त्यांचा निर्णय अंतिम मानावा. ज्यांचे काम मुळातच संगणकावर घडते त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्यांना हवा तेवढा भिंतीचा भाग बाकीच्या सर्व महोत्सवांत मिळतो आहेच.

दुसरी शंका अधिक अवघड आहे, आणि महाराष्ट्रात ती निघाल्यावाचून राहणार नाही. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये गिरगावात छापखाना घातला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांवर लागल्या. ती ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी, दगडावरून छापलेली रंगीत चित्रे माझ्या नियमात बसतात काय? बसत नाहीत, कारण ती आधी रंगवलेल्या तैलचित्रांवरून केलेली होती. पण ती करणाऱ्या कारागिरांनी प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड हाताने तयार केला होता, आणि ते कसब आजच्या कोणत्याही यंत्रामागे नाही. म्हणून विक्रीच्या टेबलांवर नव्हे, पण मेळ्याच्या मध्यभागी या परंपरेचे दालन जरूर असावे. त्यात मिरजेची आठवण हवी, जिथे 1805 मध्ये पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. 1831 मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी हवेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात निघालेली चित्रशाळा आणि तिची देवादिकांची व पेशवाईतील पुरुषांची रंगीत शिळाछापे हवीत. आणि मळवलीच्या त्याच छापखान्यात काही काळ काम करून पुढे स्वतःचा छापखाना काढणारे, चित्रपटांच्या वाटेला नंतर वळलेले दादासाहेब फाळकेही हवेत. छापाच्या कामाचा इतका सलग वारसा ज्या प्रांताला आहे, तिथे या कलेचा स्वतंत्र मेळा अजून रुजलेला नाही. लंडनमध्ये फक्त मुद्राचित्रांची जत्रा 1985 पासून भरते आहे. भोपाळच्या भारत भवनाने 1989 मध्ये मुद्राचित्रांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू केले, आणि ललित कला अकादमीने 2018 मध्ये दिल्लीत तसा उपक्रम केला. पण ती प्रदर्शने आहेत; तिथे चित्र भिंतीवर असते आणि माणूस दोरीच्या अलीकडे. मला हवा आहे तो मेळा.

मेळा म्हटला की माणसाला वस्तू हाताळता आली पाहिजे. म्हणून माझी सूचना अशी की, फ्रेम केलेली चित्रे कमीत कमी ठेवावीत. बाकीची पारदर्शक पाकिटांत घालून, जुन्या पुस्तकांच्या दुकानात चाळतो तशी उभी चाळता येतील अशा खोक्यांत ठेवावीत. काच आणि लाकूड यांचा खर्च वाचला की तेच मुद्राचित्र शिक्षकाला, नर्सला, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला घेता येते. प्रत्येक टेबलावर एक भिंग दोरीने बांधून ठेवावे. इंकजेटचे किंवा ऑफसेटचे छापील काम भिंगाखाली धरले तर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. एचिंगची रेघ मात्र सलग आणि किंचित उंचवट्याची दिसते, आणि लाकडाच्या ठशात कित्येकदा लाकडाचे रेषेदार पोतही उमटलेले सापडते. भिंग हातात आले की लोक स्वतः बघू लागतात, मग कुणाला भाषण द्यावे लागत नाही. शिवाय प्रत्येक चित्राच्या पाठीमागे एक चिठ्ठी सक्तीची करावी, जिच्यावर पद्धत, आवृत्तीची एकूण संख्या, त्याखेरीज काढलेल्या कलावंताच्या प्रतींची संख्या, कागद, वर्ष, आणि छाप दुसऱ्या कुणी काढला असल्यास त्या छापणाऱ्याचे नाव एवढे लिहिलेले असेल. शेवटच्या गोष्टीवर माझा विशेष भर आहे; आपल्याकडे छापणाऱ्या माणसाचे नाव सहसा कुणी लिहीत नाही.

मांडवाच्या मधोमध एक प्रेस चालू असली पाहिजे. एचिंग प्रेसचे वजन काही शे किलो असते, तेव्हा तळमजला आणि पक्की जमीन हवी, एवढे आधीच लक्षात घ्यावे. गर्दीच्या जागी ॲसिड मुळीच आणू नये. तयार प्लेट्स आणून तिथे फक्त शाई भरावी आणि ठसे काढावेत, आणि लोकांच्या हाती द्यायला लिनोलियमचे तुकडे व पाण्यात धुतली जाणारी शाई पुरेशी आहे. लिनो कापायला बोथट हत्यार देऊ नये, कारण बोथट हत्यारच घसरते आणि बोट कापते. सॅन फ्रान्सिस्को शहरात 2004 पासून रस्त्यावर मोठमोठे लिनोकट अंथरून त्यांवरून रोडरोलर फिरवून ठसे काढण्याचा सोहळा होतो. आपल्या महापालिकांकडे रोडरोलरची ददात नाही, आणि रस्ता एकदा नीट झाल्यावर तो काही तास मोकळा असण्याची शक्यताही अगदीच नाकारता येणार नाही. चादरीएवढ्या कापडावर आपल्याच वस्तीतल्या मुलांनी कापलेले चित्र उमटताना बघायला किती माणसे जमतील, याचा अंदाज मी आपल्यावर सोपवतो. त्या मुलांना हे काम परकेही नाही, कारण चित्रकलेच्या तासाला भेंडी आणि बटाटा कापून ठसे उमटवलेले नाहीत असे मूल मराठी शाळेत विरळाच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेमार्फत सकाळच्या वेळी आणता आले, तर कला संचालनालयाने त्यासाठी एक परिपत्रक काढावे, एवढेच पुरे.

या कलेचा स्वभावच मुळात अनेकांपर्यंत जाण्याचा आहे. चित्रकार चित्तप्रसाद यांनी मुंबईत अंधेरीतल्या आपल्या छोट्या खोलीत बसून वर्षानुवर्षे लिनोकट केले. राबणारी मुले, शेतकरी, कामगार हे त्यांचे विषय होते, आणि लिनो हे माध्यम स्वस्त होते, भरपूर प्रती देणारे होते. आज त्यांचे ठसे संग्राहकांच्या कपाटांत आहेत, हा काळाचा विनोद म्हणायचा. उलट टोकाला मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी. चित्तूर जिल्ह्यातला हा मुलगा पॅरिसच्या अतेलिए 17 या मुद्राचित्रणाच्या कार्यशाळेत पोहोचला आणि तेलाचे प्रमाण कमीजास्त केलेल्या शाया, कठीण व मऊ रोलरांनी, एकाच प्लेटच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर बसवून एकाच फेरीत अनेक रंग छापण्याचे तंत्र विकसित करणाऱ्यांत अग्रणी ठरला. मेळ्यात ही दोन्ही टोके मावली पाहिजेत, दोनशे रुपयांचे पोस्टकार्डाएवढे लिनोकटही आणि जपून घ्यावे असे मोठे कामही.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरे तर हे सारे हवे आहे, ती सांगतो. मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतलेला विद्यार्थी कला महाविद्यालयातून बाहेर पडला की त्याच दिवशी त्याची प्रेस सुटते. चित्रकाराला एक खोली पुरते. याला जड यंत्र, ॲसिडसाठी हवेशीर जागा, कागद भिजवायची टाकी आणि वाळवायची जाळी लागते, आणि भाड्याच्या घरात यातले काहीही शक्य नसते. म्हणून उत्तम हात असलेली कितीतरी मुले दोन-तीन वर्षांत ब्रश धरतात किंवा जाहिरातीकडे वळतात. बडोद्यात 1999 मध्ये छाप या नावाने सामायिक स्टुडिओ उभा राहिला, दिल्लीत गढीचे स्टुडिओ आहेत, भोपाळला भारत भवनाची कार्यशाळा आहे. आपल्याकडेही तशा जागा जिल्ह्याच्या ठिकाणी व्हाव्यात, आणि मेळ्यातून उरलेला पैसा, थोडा असला तरी, पुढच्या समारंभाच्या फुलांवर आणि शालींवर न घालता एखाद्या सामायिक प्रेसच्या खात्यात जावा. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापणारे छापखाने बंद पडले तेव्हा त्यांची यंत्रे भंगारात गेली. जी थोडी अजून कोपऱ्यात धूळ खात आहेत, ती देणाऱ्या मालकांना याच मेळ्यात आवाहन करता येईल. प्रूफ काढायचे जुने यंत्र वुडकट आणि लिनोसाठी आजही उत्तम चालते. पुण्याची हातकागद संस्था आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे कागदकार यांनाही टेबल विनाशुल्क द्यावे, कारण चांगला कागद परदेशातून मागवण्याची वेळ येणे हे आमच्या खर्चाचे एक मोठे कारण आहे.

टेबलाच्या शुल्काबद्दल थोडक्यात लिहितो. विद्यार्थ्यांकडून ते घेऊ नये, इतरांकडून माफक घ्यावे, आणि विक्रीतला टक्का समितीने मागू नये. गॅलरीत निम्मी रक्कम कापली जाते, त्याला निदान तिथल्या भिंतींचा आणि वर्षभराच्या कामाचा आधार असतो.

शेवटी वेळापत्रकाविषयी. मेळा जानेवारी किंवा फेब्रुवारीत घ्यावा. पावसाळ्यात कागद फुगतो, वाळत नाही आणि कोकणपट्टीत त्यावर बुरशी धरते, तर एप्रिल-मे महिन्यात भिजवलेला कागद प्रेसवर पोहोचेपर्यंत कोरडा पडतो. मात्र नियमांसह जाहीर सूचना जून महिन्यातच निघाली पाहिजे. प्लेट घडवणे, चाचणीच्या प्रती काढून तिच्यात दुरुस्त्या करणे आणि मग पूर्ण आवृत्ती छापणे, याला नोकरी सांभाळून काम करणाऱ्या माणसाला सहा महिने सहज लागतात. डिसेंबरात जाहिरात देऊन जानेवारीत टेबले भरायची म्हटले, तर ती भरतील ती एका रात्रीत छापून आणलेल्या प्रतींनीच. जी समिती जूनपूर्वी असा निर्णय घेईल, तिच्यासाठी नियमांचा मसुदा करणे, भिंगांची जुळणी करणे आणि मधल्या प्रेसवर दोन्ही दिवस उभे राहणे ही कामे मी विनामोबदला करायला तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक मुद्राचित्रकार